रॉड टाकूनही नडगी जुळली नाही, स्टेम सेल घ्यावं का?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. दादाची (वय ३८) बाईक गेल्या पावसाळ्यात घसरली आणि उजव्या पायाची नडगी मोडली. आत रॉड टाकला, टाके छान भरले, पण नऊ महिने उलटले तरी हाड काही जुळत नाही. पाय टेकला की कळ मारते, अजून वॉकर सुटलेला नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, रॉड बदलू आणि गरज पडली तर कमरेचं हाड काढून लावू. दुसरीकडे शहरातल्या एका सेंटरवाल्यांनी सांगितलं, नाळेतल्या स्टेम सेलची तीन इंजेक्शनं आणि एक सलाईन, अडीच लाख, चिरफाड नको. शिवाय पुतणीच्या जन्माच्या वेळी नाळेचं रक्त बँकेत ठेवलंय, दरवर्षी पैसे भरतोय. ते दादाला चालेल का? वहिनी रडकुंडीला आलीय आणि निर्णय माझ्या गळ्यात टाकलाय.

खादाडखाऊ
माझ्या मेव्हण्यांनी गुडघ्यात घेतलं होतं, बरं वाटलं त्यांना. पण त्याच सुमारास वजनही उतरवलं. आता श्रेय कुणाचं, देवच जाणे.

जुनी_ओटीवाली
भाऊ, मी ऑर्थोच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सिस्टर होते, आता रिटायर झालेय. मी डॉक्टर नाही, पण या विषयातलं बरंच टेबलाशेजारी उभं राहून पाहिलंय.

स्टेम सेल म्हणजे नव्या पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी. पण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे पेशंटचाच बोनमॅरो. कमरेच्या हाडात सुई घालून मगज ओढतात, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घट्ट करतात आणि त्याच बैठकीत फ्रॅक्चरच्या जागी सोडतात. फ्रान्समधले अर्निगू नावाचे सर्जन हे वर्षानुवर्षं करत आले. २००५ मध्ये त्यांनी न जुळलेल्या ६० नडग्यांचा हिशोब मांडला, त्यातल्या ५३ जुळल्या. उरलेल्या सातांत सोडलेल्या मगजात कामाच्या पेशीच कमी होत्या, हे त्यांनी मोजून दाखवलं. पण लक्षात घ्या, त्या सगळ्या केसेस जंतुसंसर्ग नसलेल्या होत्या, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे आशा आहे, हमी नाही.

आणि किती पेशी मिळतात, हे मगज ओढणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतं. आमचे एक सर हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) लावलेल्या छोट्या सिरिंजने थोडंसंच ओढायचे, सुई जराशी फिरवायचे, पुन्हा थोडंसं, मग जागाच बदलायचे. मी सिरिंज देऊन देऊन कंटाळायचे. एकाच भोकातून भसाभसा ओढलं की मगज कमी आणि साधं रक्तच जास्त येतं. रंग तोच लाल, बघणाऱ्याला फरक कळत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुम्हाला सांगितलेलं नाळेचं इंजेक्शन. त्याला माझा सरळ नकार. २०१८ मध्ये अमेरिकेत टेक्सास, फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोनात नाळेच्या रक्तापासून केलेली अशीच इंजेक्शनं सांध्यांत आणि पाठीत दिली. १२ जण जंतुसंसर्गाने हॉस्पिटलात गेले, न उघडलेल्या बाटल्यांतही जंतू सापडले. दादाच्या पायात आधीच रॉड आहे. धातूवर जंतू बसले की किती पिच्छा पुरवतात, ते मी वॉर्डात बघितलंय.

पुतणीच्या नाळेचं म्हणाल, तर त्यात मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या पेशी असतात, हाड जोडायला त्यांचा उपयोग नाही. आयसीएमआर ही सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थाही खासगी बँकेत ते ठेवायची शिफारस करत नाही. ते पैसे पुतणीच्या नावाने पोस्टात टाकले असते तर बरं, पण असो.

आणि रॉड बदलण्याला नाक मुरडू नका. नवा जाड रॉड बसवताना हाडाची पोकळी कोरतात, त्यात निघालेला हाडाचा भुगा आणि मगज फ्रॅक्चरच्या जागीच साठतो. घरचाच माल, वेगळं बिल नाही.

आता मला सांगा, सीआरपी (आत सूज किंवा जंतुसंसर्ग आहे का, याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) केलंय का? शुगर किती? दादा तंबाखू खातो का?

अर्धवट_पुणेकर
मी क्लिनिकल ट्रायलच्या कामात आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. रक्ताच्या ठराविक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं तर बहुतेक स्टेम सेल उपचार संशोधनातच मोडतात, आणि संशोधनात पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. अपवाद आहेत. बंगळुरूच्या एका कंपनीच्या पेशींना २०१६ मध्ये बर्जर आजारातल्या (हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात तो) पायासाठी आणि २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी मिळाली. न जुळलेली नडगी त्यात येत नाही. सेंटरवाल्यांना सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक विचारा. २००९ पासून औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद तिथे सक्तीची आहे, कुणालाही ऑनलाइन बघता येते. खरी चाचणी असेल तर एथिक्स कमिटीचं नाव असेल आणि इजा झाल्यास भरपाईची तरतूदही लेखी असेल.

वारणाकाठ
ताई, पुणेकर, मनापासून आभार. सेंटरला फोन केला. नंबर विचारला तर बाई म्हणाल्या, "सर, ही ऑफर या महिन्यापुरतीच आहे." पुढे बोलणंच खुंटलं.
सीआरपी ऑपरेशननंतर कधी केलंच नाही. शुगर नाही. तंबाखू-चुना मात्र दिवसभर चालू असतो. सिगारेट ओढत नाही, म्हणून कुणी काही बोललं नाही.

जुनी_ओटीवाली
निकोटीन ते निकोटीन, चुन्यातून जावो की धुरातून. बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाडाला रक्तच पुरत नाही. त्या बर्जरच्या आजारात तर तंबाखूपायी बोटं काळी पडून कापावी लागतात. नवीन रॉड टाकला आणि पुडी तशीच राहिली, तर डॉक्टरही हात टेकतील.

सोमवारी सीआरपी, ईएसआर (तीही सूज-जंतुसंसर्गाचा अंदाज देणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व करून घ्या. शुगर नाही म्हणता, पण एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) केलंय का कधी? रिपोर्ट चांगले आले तर तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, रॉड बदलताना सोबत मॅरो घालण्यात काही अर्थ आहे का. आत जंतू निघाले तर सगळा बेतच बदलेल, आधी ते साफ करावं लागेल.

वारणाकाठ
दादाला धागा वाचून दाखवला. पुडी वहिनीकडे दिलीय, खिशातली दुसरी आम्हाला सापडायची आहे.