मदत हवी आहे: 'एमएपी, सीएनबी, नेट रेट' म्हणजे काय? संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय

संगमकाठ: मालवणजवळ देवबागला आमचा घरगुती होमस्टे आहे. पुण्याच्या एजंटाचा मेसेज, जसाच्या तसा: '६ पॅक्स + १ सीएनबी, ३ डबल, एमएपी, नेट रेट पाठवा.' मागे दुसऱ्या एकाला न समजता "हो" म्हटलं आणि सहा जणांना दोन दिवस दुपारची सुरमईची ताटं फुकट वाढली. पुन्हा तसं नको. लवकर सांगा.

वेळणेश्वर: पॅक्स म्हणजे माणसं. सीएनबी म्हणजे मूल, पण वेगळी गादी नाही. वय किती? किती रात्री?

गुहागरवाला: ईपी नुसती खोली, सीपी खोली-नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचं. एमएपीत जेवण रात्रीचंच धरतात.

वेळणेश्वर: 'च' नको. आमच्याकडे दुपारचं मागणारेही येतात.

गुहागरवाला: दुपारी पाहुणे होडीतून संगमावर असतात, ताट कोणाला वाढणार? ताई, उत्तरात 'रात्रीचं जेवण' असं सरळ लिहा.

मालवणी माणूस: एजंटाच्या नादाक लागा नको गो. थेट गिऱ्हाईक घे.

गुहागरवाला: त्यांनी ते विचारलेलं नाही. नेट रेट म्हणजे तुमच्या हातात पडणारी रक्कम. त्यावर तो आपला नफा चढवतो, म्हणून त्यातून कमिशन कापू देऊ नका.

दादरकर: माझं कुडाळचं तिकीट आरएसी आहे. गाडीत चढू देतील का?

वेळणेश्वर: देतील. बाजूच्या खालच्या बर्थवर दोघांत बसायची जागा मिळते. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा.

संगमकाठ: मूल ४ वर्षांचं. २ रात्री, जुलैमध्ये.

वेळणेश्वर: जुलै? हे आधी सांगायचं! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद. ताजी सुरमई कबूल करू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याला जाणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद असतात, तेही कळवा.

संगमकाठ: बरं झालं सांगितलंत, सुरमई लिहिणारच होते. आता पाठवलं: '३ खोल्या, २ रात्री, ६ मोठे, १ मूल वेगळ्या गादीशिवाय, नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं ताट वेगळं. ताज्या मासळीची खात्री नाही, किल्ल्याची होडी बंद.' खाली रक्कम. लगेच उत्तर आलं, 'ड्रायव्हर एफओसी ना?' आता हे काय?

गुहागरवाला: फुकट. ड्रायव्हरची झोपायची-जेवायची सोय मागतोय. पडवीत गादी आणि ताट देणार असाल तर तेवढंच लिहा, खोली नाही.