रोअरिंग क्रीकच्या खोऱ्यातील गुहा
मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातल्या रोअरिंग क्रीकच्या खोऱ्यातल्या गुहांमध्ये तिथले प्राचीन माया लोक वस्ती करून राहत असावेत, असे कोणाला वाटू शकेल. त्याबाबत थोडे वेगळे मत मांडतो: त्या राहण्याच्या नव्हे, तर धार्मिक विधींच्या जागा होत्या. आक्तुन तुनिचिल मुकनालसारख्या गुहांचा अंतर्भाग त्यांच्या दृष्टीने पाताळाचे, म्हणजेच शिबाल्बाचे, द्वार होता आणि पर्जन्यदेव चाक याचा वासही अशाच ठिकाणी मानला जाई. म्हणूनच जिथे पाण्यातून वाट काढत जावे लागते, अशा काळोख्या दालनांत मातीची भांडी आणि बळी दिलेल्यांचे सांगाडे सापडले असून, त्यांतील बराचसा भाग साधारण इ. स. ७०० ते ९०० या काळातला, म्हणजे अवर्षणाच्या झळा बसू लागल्यानंतरचा आहे. चुनखडीतून झिरपणाऱ्या पाण्याने एका सांगाड्यावर कॅल्साइट या खनिजाचा चमकदार थर चढवला आहे. एका पर्यटकाचा कॅमेरा पडून कवटी फुटल्यानंतर २०१२ मध्ये तिथे कॅमेऱ्यांवर बंदी आली, आणि ती अत्यंत योग्य आहे.