विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी आपले शिकणे जाहीरपणे लिहावे काय?

माध्यमिक शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे

बडोद्यातील मराठी घरांत वाढणारी कितीतरी मुले आज गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातात. घरी ती मराठी बोलतात, परंतु शाळेत जे शिकतात त्याविषयी मराठीत एक परिच्छेद लिहिण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा येत नाही. म्हणून माझे मत असे आहे की, आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी, आणि त्यांच्याही आधी आम्हा शिक्षकांनी, जे शिकलो, जे उमगले नाही आणि ज्याची गोडी लागली ते ब्लॉगवर नियमाने लिहावे.

वहीतले उत्तर ज्याला ते आधीच ठाऊक आहे अशा माणसासाठी लिहिलेले असते. त्यामुळे मुलाला काही समजावून सांगावे लागत नाही. आपल्या लक्षात आहे एवढेच दाखवावे लागते. विश्वामित्री नदीतल्या मगरींचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या, हे इथल्या मुलांना माहीत आहे. एखाद्या मुलीने त्यावर नागपूरच्या किंवा बेळगावच्या वाचकासाठी लिहायला घेतले, तर ही नदी शहराच्या मधून वाहते, येथपासून तिला सांगावे लागेल. पुढे, मगर काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि घरट्यातील तापमानावरून पिल्लू नर होणार की मादी हे ठरते, हे लिहिता लिहिता काठ सिमेंटने बांधून काढला तर अंडी कोठे घातली जातील, हा प्रश्न तिचा तिलाच पडेल. असा प्रश्न मुलांना पडावा म्हणून तर आपण शिकवतो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून गावोगावच्या ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली. वाचण्याची इतकी मोठी सोय करणाऱ्या या शहरात मुलांच्या लिहिण्यालाही वाचक मिळायला हवा.

एक पालक, मांजलपूर

आपला हेतू मला मान्य आहे, मार्ग मान्य नाही. तेरा वर्षांच्या मुलाला चुकण्यासाठी खाजगी जागा लागते आणि ती जागा वही हीच आहे. वहीतली चूक पुढच्या पानाखाली जाते. जाहीर लिहिलेली चूक मूळ पान पुसले तरी कोणाच्या तरी फोनमध्ये उरते. २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट घातली आहे, ती उगाच नव्हे.

दुसरी भीती भाषेची. आमच्या मुलांची मराठी गुजरातीच्या सहवासात वाढली आहे. त्यांच्या ह्रस्वदीर्घावर आणि वाक्यरचनेवर कोणी परक्याने चार शब्द टोचून लिहिले, तर आज घरात मोकळेपणाने मराठी बोलणारे मूल तेही बोलेनासे होईल. मगरींविषयी त्याला काही कळो वा न कळो, हे नुकसान भरून येणारे नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, रावपुरा

मी पालकांच्या बाजूचा आहे, परंतु माझे कारण वेगळे आहे. ज्या कामाला गुण मिळतात ते काम आपल्याकडे लवकरच घरातील मोठी माणसे करू लागतात. प्रकल्पवह्यांचे काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ब्लॉगलेखनाला उद्या गुण दिले, तर ते लेखन आईवडील करतील, आणि गुण दिले नाहीत तर परीक्षेच्या दिवसांत ते आपोआप थांबेल. त्यापेक्षा भित्तिपत्रक आणि वार्षिक हस्तलिखित पुन्हा सुरू करावे. तेथे लेखक, संपादक आणि वाचक एकाच शाळेतले असतात, आणि मजकूर दोनदा नीट लिहून काढल्याखेरीज भिंतीवर जात नाही.

शिक्षकांनी मात्र अवश्य जाहीर लिहावे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षकच होते. आज वर्गात काय फसले आणि का फसले, हे एका शिक्षकाने प्रामाणिकपणे लिहिले, तर दुसऱ्या गावातील शिक्षकाचा आठवडा वाचतो.

माध्यमिक शिक्षिका, दांडिया बाजार

सर, गुणांविषयी आपले म्हणणे मी पूर्णपणे स्वीकारते. या लेखनाला गुण नसावेत. परंतु भित्तिपत्रकाला भिंत लागते. गुजराती माध्यमाच्या वर्गात चारच मराठी मुले असतील, तर त्यांचा मराठी मजकूर लावायचा कोणत्या भिंतीवर, आणि तो वाचणार कोण? त्यांचे वाचक गावोगावी विखुरलेले आहेत, त्यांना एकत्र आणण्याचे दुसरे साधन मला दिसत नाही. पालकांच्या काळजीवर माझा तोडगा असा आहे की, लेख वर्गाच्या सामाईक नावाने यावेत, मुलाचे आडनाव, छायाचित्र आणि शाळेचे नाव कोठेही नसावे, आणि वाचकांची पत्रे आधी शिक्षकांनी वाचून मगच मुलांना दाखवावीत. शुद्धलेखन मी तपासून देईन, मात्र बडोद्याच्या मराठीचे शब्द बदलणार नाही.

पदवीची विद्यार्थिनी, प्रतापगंज

आपण सर्व जण वाचक किती आणि कोठले याचा विचार करत आहात. लिहिणाऱ्याला सुरुवातीला एकच वाचक पुरतो, पण तो उत्तर देणारा हवा. शाळेत आम्हाला कौतुकाने लिहायला सांगितले जाई आणि लेखाखाली ‘छान’ एवढाच शेरा येई. त्यानंतर पुन्हा लिहिण्याचे कारण उरत नसे. मगरीच्या लेखावर शिक्षिकेने ‘ही माहिती तुला कोठे मिळाली?’ असे विचारले, तर मुलगी पुन्हा शोधायला बसेल. चाळीस मुलांना असे प्रश्न विचारण्यासाठी शिक्षकांच्या वेळापत्रकात तास ठेवलेला आहे का? तो नसेल, तर ब्लॉग आणि भित्तिपत्रक यांत मला फारसा फरक दिसत नाही.

एक पालक, मांजलपूर

सामाईक नावाची सूचना मला पटते, आणि गुण नसतील तर माझा अर्धा विरोध मावळतो. एक गोष्ट मात्र बाकी आहे. आज आठवीत असलेल्या माझ्या मुलीने अकरावीत गेल्यावर ‘माझे जुने लेख काढून टाका’ असे सांगितले, तर ते कोण काढील आणि किती दिवसांत, विशेषतः तोवर आपली बदली झालेली असेल तर? एवढे आधी लिहून द्यावे. मग मी संमतिपत्रावर सही करीन.