मदत हवी आहे: फाटलेली कानाची पाळी शिवल्यावर किती वर्षं टिकते?

झुब्यांच्या वजनाने भोक ओघळून पाळी खालपर्यंत दुभंगली, की नुसतं टाके घालून भागत नाही. भोकाच्या आत कातडी आलेली असते; ती कापून कडा ताज्या केल्याशिवाय दोन्ही बाजू जुळतच नाहीत. हे काम तिथल्यापुरती भूल देऊन होतं, टाके साधारण ७ ते १० दिवसांनी निघतात. खरी काळजी त्यानंतरची.

व्रणाची ताकद मूळ कातडीच्या फार तर ८० टक्क्यांपर्यंत जाते, तीही तीनेक महिन्यांनी. म्हणून त्याच रेषेत पुन्हा टोचलं तर पाळी परत ओघळू शकते. शिवाय सरळ व्रण आखडला, की पाळीच्या खालच्या कडेला बारीक खाच पडते आणि ती लगेच नजरेत भरते. झेड आकाराच्या शिवणीने हा धोका कमी होतो.

ज्यांची पाळी शिवून ५-१० वर्षं झाली, त्यांनी कृपया सांगा: शिवण सरळ होती की झेड? किती महिन्यांनी, व्रणापासून किती अंतरावर टोचलं? फक्त कुड्या घालता, की वेलाचा आधार देऊन झुबेही चालतात? व्रण जाड, खाजरा झाला असेल तर तेही नक्की लिहा; केलॉइड (जखमेच्या कडेबाहेर वाढत जाणारा जाड व्रण) होणाऱ्यांनी पुन्हा टोचूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.