मदत हवी आहे: टू-आय काढल्यावरही ऑक्ट-४ ढिम्म हलत नाही, असं का?

नमस्कार मंडळी,

उंदराच्या भ्रूणीय स्टेम सेल्स टू-आय या माध्यमात वाढवतेय; त्यात त्या नाईव्ह, म्हणजे अगदी सुरुवातीच्या अवस्थेत टिकतात. त्यातले दोन्ही इन्हिबिटर (एक मेक हे विकर रोखणारा, दुसरा जीएसके-३ हे विकर रोखणारा) काढून अ‍ॅक्टिव्हिन आणि एफजीएफ-२ ही संकेत देणारी प्रथिनं दिली की क्यूपीसीआरमध्ये (आरएनए मोजणारी चाचणी) नाईव्ह अवस्थेची जनुकं रेक्स-१, केएलएफ-४ धडाधड खाली येतात, पुढच्या अवस्थेची एफजीएफ-५ आणि डीएनएमटी-३बी वर चढतात. इथवर ठीक. पण ऑक्ट-४ची रेघ जवळपास सपाट! प्ल्युरीपोटेन्सीचा (शरीरातली कुठलीही पेशी बनण्याच्या क्षमतेचा) मुख्य खांब जागेवरच, मग पेशी बदलते कोणाच्या जोरावर?

दुसरं म्हणजे, रेक्स-१ला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेल्या पेशींत पहिल्या दिवसाच्या आसपास शेजारशेजारच्या दोन पेशींपैकी एक हिरवीगार, तर दुसरी विझलेली दिसते. माध्यम एकच, प्लेटही एकच. असं चालतं का?

प्रतिसाद १
चालतं. सगळ्या पेशी नाईव्ह अवस्थेतून एका ठोक्याला बाहेर पडत नाहीत.

ऑक्ट-४चं म्हणाल, तर क्यूपीसीआर फक्त आरएनए किती ते सांगतं. ते प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय, हे त्यातून कळायचं नाही. बाहेर पडताना ओटीएक्स-२ हे प्रथिन वाढतं आणि ऑक्ट-४ला नव्या एनहान्सरवर (जनुकाला चालना देणारा डीएनएचा तुकडा) नेऊन बसवतं (ब्यूकर आणि सहकारी, २०१४). शिवाय खुद्द ऑक्ट-४चं जनुक आधी दूरच्या एनहान्सरवर चालतं, पुढे जवळच्या. म्हणजे सपाट रेघेखाली दोन बदल दडलेत. चिप-सीक (प्रथिन डीएनएवर कुठे बसलंय ते दाखवणारी चाचणी) करा, नाहीतर त्या दोन एनहान्सरचे रिपोर्टर (एनहान्सर चालू असला की खूण दाखवणारी जनुकं) मिळतात का बघा.

जुनं जाळं मोडायला मात्र वेगळी मंडळी लागतात. जीएसके-३ मोकळं झालं की बीटा-कॅटेनिन हे प्रथिन घटतं आणि टीसीएफ७एल१ हे प्रथिन इएसआरआर-बीसारख्या नाईव्ह जनुकांना दाबायला मोकळं होतं. मेक सुटलं की ईआरके हे पुढचं विकर जागं होतं. टीसीएफ७एल१, ईटीव्ही-५ आणि आरबीपीजे ही तिन्ही जनुकं एकत्र काढली, तर इन्हिबिटर नसतानाही पेशी नाईव्ह अवस्थेतच अडकून राहतात. एकटं टीसीएफ७एल१ काढलं तर नुसता उशीर होतो.

धागाकर्ती
आभार! मग हिरव्या पेशी म्हणजे अजून न निघालेल्या, असं धरू का?

प्रतिसाद २
रंगावरून सरसकट धरू नका. हिरव्या आणि विझलेल्या पेशी एफएसीएसने (चमक बघून पेशी वेगळं करणारं यंत्र) वेगळ्या करा, एकेक पेशी पुन्हा टू-आयमध्ये पेरा, वसाहती मोजा. परत फिरू शकते ती निघालेली नाही. आणि हो, खूण म्हणून नॅनॉग या जनुकावर विसंबू नका. तो खाली जाऊन प्राइम्ड (नाईव्हनंतरच्या, पुढे सरकलेल्या) अवस्थेत पुन्हा डोकं वर काढतो.