मदत हवी आहे: नाईटच्या आठवड्यात व्यायाम हलका ठेवला तर ताकद वाढत राहील का?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो, उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी लेथवर आहे. वय ३४, वजन ७४ किलो. तीन पाळ्या आठवड्याला फिरतात: सात ते तीन, तीन ते अकरा आणि अकरा ते सात.

सोम, बुध, शुक्र जिमला जातो. सोमवारी आणि शुक्रवारी स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), पाच-पाचचे पाच सेट, म्हणजे सलग पाच वेळा (पाच रेप), असं पाचदा. बुधवारी बेंच (बाकावर आडवं पडून बार छातीवरून वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं). स्क्वॉटला दर आठवड्याला अडीच किलो चढवत ९० पासून ११० किलोपर्यंत सुरळीत आलो. तिथं अडकून आता दोन महिने झाले. चौथ्या सेटच्या तिसऱ्या रेपला खालून उठताना कंबर आधी वर येते, छाती खालीच राहते, आणि बार जागेवर थांबतो. अडकलो म्हणून मी सेट वाढवले, शनिवारचा चौथा दिवसही जोडला. त्यानं आणखी बिघडलं.

सकाळी अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजतो. आधी मिनिटाला ५८ भरायची, आता ६६ ते ६८. गेल्या नाईटला पहाटे चारच्या सुमारास जॉब (मशीनवर घडवलेला नग) तपासायला मायक्रोमीटर हातात घेतला, तर बोटं थरथरत होती. एकाच जॉबचं माप तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं. तेव्हा मात्र घाबरलो. माझं पोट त्या हातावर आहे.

माझे वडील तालमीतले. ते म्हणतात, यात्रेतली कुस्ती ठरली की शेवटचे चार-पाच दिवस वस्ताद जोर-बैठका निम्म्यावर आणायचे, मेहनत कमी आणि मालिश जास्त. मला हे पटतं. नवख्याचं शरीर दोन दिवसांत भरून येतं म्हणून त्याचं वजन दर खेपेला चढतं, जुन्याला तेवढा वेळ पुरत नाही, हेही वाचून कळलंय. तरी हलका आठवडा घ्यायचा म्हटलं की कमावलेलं जाईल अशी भीती वाटते.

विचार असा आहे: दर तिसरा आठवडा नाईटचाच असतो, तर तोच हलका ठेवायचा. दोन जड, एक हलका. मला विचारायचंय ते एवढंच की, एवढ्यानं पुढं सरकेन का? आणि हलक्या आठवड्यात वजन कमी करू की सेट?

प्रतिसाद, निपाणी:
दादा, आधी शनिवार बंद करा. हलक्या आठवड्यात सेट निम्मे करा, वजन फार उतरवू नका. तुमच्या ११० ला १०० किलो, तीन-तीनचे दोन सेट पुरे. शरीराला जड बारची सवय राहते आणि थकवा उतरतो. आठवडाभरात ताकद जात नाही, ती भीती सोडा.
मी स्वतः पाच-तीन-एक पद्धत करतो. त्यात सर्वांत जड सेट पहिल्या आठवड्यात ८५ टक्के, मग ९०, मग ९५, आणि चौथ्या आठवड्यात ६० च्या वर नाही. हे टक्के एकदाच उचलता येईल अशा खऱ्या कमाल वजनावर मोजत नाहीत, त्याच्या ९० टक्क्यांवर मोजतात. म्हणजे थोडं हातचं राखूनच सुरुवात. तुमच्या पाळीत चार आठवडे बसत नाहीत, तेव्हा दोन जड, एक हलका हेच चांगलं. फक्त दर आठवड्याला अडीच किलो विसरा. तीन आठवड्यांच्या एका फेरीला अडीच धरा.

प्रतिसाद, खानापूर:
हिशेब बरोबर आहे, पण नाईटहून आल्यावर झोप किती होते ते लिहिलं नाही तुम्ही. खिडकीला जाड कापड लावा, पहाटे तीननंतर चहा नको. शरीराच्या वजनाच्या किलोमागं १.६ ग्रॅम प्रथिनं धरली तर तुम्हाला दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतात, ती नुसत्या भात-आमटीतून येत नाहीत. अंडी, दही, हरभरे, सोया वाढवा. आणि नाडी इतके दिवस चढलेली आहे, बोटंही थरथरताहेत, तर एकदा डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासाच. सगळंच व्यायामावर ढकलू नका.

मूळ लेखक:
दोघांचेही मनापासून आभार. झोप पाच तासही नाही. साडेसातला घरी येतो, साडेबाराला मुलगी बालवाडीतून आली की जाग येते. वडिलांना विचारलं, ते तिला दुपारी तीनपर्यंत खाली अंगणात सांभाळणार आहेत. रक्त उद्या सकाळी देतोय.

सोमवारी नाईट सुरू होतेय. वहीत लिहून ठेवलं: स्क्वॉट १००, तीनचे दोन सेट, सोमवारी आणि शुक्रवारी. बेंच हलकं, डेडलिफ्ट नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात ११० ऐवजी १०५ पासून परत चढतो. एकच राहिलं: नाईटच्या आठवड्यात बार ड्युटीला जाण्याआधी संध्याकाळी सहाला उचलू, की सकाळी सुटल्यावर? जिम दोन्ही वेळेला उघडी असते. नाईट करून व्यायाम करणाऱ्या कुणी सांगितलं तर बरं होईल.