मदत हवी आहे : ख्याल ऐकण्यासाठी उत्तम दर्जाची ऑडिओ सिस्टीम कशी निवडावी?

नमस्कार मंडळी,

घरासाठी एक खरोखर चांगली ऑडिओ सिस्टीम घ्यायची आहे. पैसे बाजूला काढलेले आहेत आणि घाई अजिबात नाही. एकदा घेतली की पुढची पंधरा-वीस वर्षं तीच वापरायची आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

माझं ऐकणं बहुतेक ख्यालगायन आणि वाद्यसंगीत. सिनेमा त्यावर पाहायचा नाही, त्यामुळे होम थिएटर सुचवू नये. दोन स्पीकरचा साधा स्टिरिओ पुरे. सीडींचा बराच साठा आहे, स्ट्रीमिंग आहे आणि जुन्या मैफलींची टेपवरून उतरवलेली मोनो ध्वनिमुद्रणं आहेत. ही शेवटची मला सगळ्यात प्रिय.

नेमकं काय ऐकू यायला हवं, तेही सांगतो. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार टेकण्याची जुळणी) नीट लागली असेल तर खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या, तारेतून गंधार आपोआप वर येतो. तो गाण्याच्या मागे सतत जाणवला पाहिजे. बायाँवर (डग्ग्यावर) हात घसरतो तेव्हा स्वर चढताना कळला पाहिजे, नुसता दणका नको. आणि विलंबित ख्याल संपेपर्यंत कान थकता कामा नयेत. आवाज फार मोठा लागत नाही.

खोली ५ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच. खाली फरशी, एका लांब भिंतीला मोठी काचेची खिडकी. स्पीकर आखूड भिंतीपाशी असतील आणि समोरच्या भिंतीला टेकून सोफा आहे.

खरी अडचण इथेच आहे. एका विक्रेत्याने उंच फ्लोअरस्टँडर (थेट जमिनीवर उभे राहणारे स्पीकर) घरी ऐकायला दिले होते. गायिकेचा षड्ज काळी पाच (पेटीची पाचवी काळी पट्टी) असेल तर सगळं सुरेख. पण गायकाची पट्टी काळी एक असली की खर्जाची तार खोलीभर घुमायची आणि तबल्याचे बोल त्यात बुडायचे. हिशोब केला. काळी एकचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झ. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर ५ मीटर लांबीच्या खोलीत ३४ हर्ट्झला आणि त्याच्या दुपटीला, म्हणजे बरोबर ६९ हर्ट्झच्या आसपास, लहरी दोन भिंतींमध्ये अडकून उभ्या राहतात. म्हणजे दोष स्पीकरचा नसून खोलीचा आहे, असं मला वाटतं. दुकानातल्या मोठ्या दालनात हेच स्पीकर छान वाजत होते.

माझ्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, हेच फ्लोअरस्टँडर आणि त्यांना साजेसा इंटिग्रेटेड (सगळं एकाच डब्यात असलेला) ॲम्प्लिफायर. दुसरा, स्टँडवरचे लहान टू-वे स्पीकर (वरच्या आणि खालच्या सुरांना वेगळे भाग असलेले) आणि जोडीला फक्त खालच्या सुरांसाठीचा सबवूफर. तिसरा, ॲम्प्लिफायर आणि डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने सुधारणारी यंत्रणा) आतच असलेले ॲक्टिव्ह स्पीकर. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी घेतलेल्या चाचण्यांबद्दल वाचलं आहे. स्पीकर पडद्याआड ठेवले की श्रोत्यांची पसंती बरीचशी एकाच दिशेने जाते : समोरचा प्रतिसाद सपाट (सगळे सूर सारख्याच जोराने) आणि बाजूला जाणारा आवाजही तसाच सुरळीत. त्यामुळे मोजमापं प्रसिद्ध करणाऱ्या कंपन्यांचाच विचार करतो आहे.

ॲम्प्लिफायरच्या ताकदीचा अंदाज असा : स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला एक मीटरवर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल, अंतर ३ मीटर. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल गेले, दोन स्पीकरमुळे तीन परत आले, म्हणजे एका वॉटला ऐकण्याच्या जागी सुमारे ८० डेसिबल. तिहाईच्या थापेसाठी ९५ डेसिबल धरले तर साधारण ३२ वॉट पुरतात. मग मला शंभर-दोनशे वॉटचा आग्रह का केला जातो? आणि केबलवर एकूण खर्चाचा मोठा वाटा घाला म्हणतात, तो मला पटत नाही. चार मीटरच्या जाड तांब्याच्या तारेचा रोध स्पीकरच्या रोधापुढे नगण्य आहे.

दुसरी शंका जुन्या ध्वनिमुद्रणांची. फार बारकावे दाखवणाऱ्या स्पीकरवर टेपची सरसर इतकी पुढे येते का, की गाणंच मागे पडावं?

प्रतिसाद

तुमचा हिशोब बरोबर आहे. पण स्पीकर बदलण्याआधी सोफा हलवा. ६९ हर्ट्झच्या त्या लहरीचा दाब भिंतीपाशी आणि खोलीच्या मध्यावर सर्वाधिक असतो. तुम्ही भिंतीला टेकून बसता, म्हणजे नेमके तिच्या तोंडाशी. मागच्या भिंतीपासून सव्वा मीटर पुढे ती सगळ्यात क्षीण होते. अगदी तिथेच बसलात तर खर्ज पोकळ वाटेल, म्हणून थोडं मागेपुढे सरकून पाहा. भिंतीवर फोमचे पातळ तुकडे लावून काही होणार नाही, कारण ही लहर ५ मीटर लांब आहे. मोजायचा माइक आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन आलेख काढा. डीएसपी आलेखातला फुगवटा (जिथे आवाज वाढतो) कापू शकतो, खड्डा (जिथे तो क्षीण होतो) मात्र भरून काढत नाही.

वॉटचं म्हणाल तर आकड्यापेक्षा इम्पिडन्स (स्पीकरचा रोध) पाहा. ८ ओहम लिहिलेले कित्येक स्पीकर काही ठिकाणी साडेतीनपर्यंत उतरतात. ४ ओहमला ताकद जवळजवळ दुप्पट देणारा ॲम्प्लिफायर असेल तर काळजी नाही. थोडी जास्तीची ताकद हाताशी असावी, पण दोनशेची गरज तुम्हाला नाही. आणि दोन स्पीकरांची तुलना करताना आवाजाची पातळी मोजून सारखी करा. जरा मोठा वाजणारा नेहमीच बरा वाटतो.

सरसरीबद्दल : वरच्या पट्टीला मुद्दाम उठाव दिलेले स्पीकर टाळा. सपाट, सुरळीत स्पीकरवर सरसर असतेच, पण ती गाण्यापासून वेगळी राहते आणि थोड्या वेळाने कान तिला सोडून देतो.

धागाकर्ता

मनापासून आभार. सोफा मीटरभर पुढे घेतला आणि तेच फ्लोअरस्टँडर पुन्हा लावले. घुमणं पुष्कळ कमी झालं, बायाँचा स्वर आता कळतो. पूर्ण गेलेलं नाही, त्यामुळे उरलेला फुगवटा डीएसपीने कापावा असं वाटतं आणि मन तिसऱ्या पर्यायाकडे झुकलं आहे. अडतं ते टिकाऊपणावर. साध्या स्पीकरचा ॲम्प्लिफायर बिघडला तर दुसरा जोडता येतो. ॲक्टिव्हमधला आतला बोर्ड दहा वर्षांनी गेला तर अख्खी जोडीच निकामी होईल का? ज्यांच्याकडे ॲक्टिव्ह स्पीकर बरीच वर्षं आहेत त्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीचा अनुभव कृपया लिहावा. साध्या स्पीकरसोबत डीएसपी असलेला ॲम्प्लिफायर कुणी वापरत असेल, तर तोही अनुभव हवा आहे.